आळीतला ट्रक वेशीवर कसा थांबवायचा?

गणपती जवळ आले की सरकार दरवर्षी एक अधिसूचना काढते. मुंबई-गोवा महामार्गावर 16 टन आणि त्याहून जास्त वजनाच्या मालवाहू गाड्यांना ठरावीक दिवस बंदी. दूध, भाजीपाला, औषधे, इंधन यांच्या गाड्या तेवढ्या सोडल्या जातात. बाकीचे ट्रक ढाब्यांच्या अंगणात, पेट्रोलपंपांच्या आवारात उभे राहतात आणि चाकरमानी गावी पोचतो. या बंदीमुळे एखादा कारखाना कायमचा बसला, असे काही ऐकिवात नाही.

जड वाहनाला रस्ता बंद करता येतो, त्याच्या वेळा ठरवता येतात, वाट बदलता येते. राष्ट्रीय महामार्गावर जे जमते ते महाडच्या एखाद्या आळीत, बिरवाडीच्या बाजारात किंवा पोलादपूरच्या वस्तीतल्या रस्त्यावर जमायला काहीच हरकत नाही. पण तिथे बंदी आपोआप येत नाही, ती मागावी लागते. मागायची कशी, कुणाकडे, सोबत कोणते कागद जोडून, याची माहिती नसल्याने बहुतेक तक्रारी ‘ट्रकवाले माजलेत’ या एका वाक्यावर सुरू होतात आणि तिथेच संपतात.

ट्रक वस्तीत येतोच का?

सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेले महाड हे जुने बंदर. त्याच्या पेठा आणि आळ्या बैलगाडीच्या मापाने आखल्या गेल्या. महामार्ग शहराच्या कडेने जातो, पण त्याला चहूबाजूंनी फाटे फुटतात. नातेखिंडीतून रायगडची वाट, राजेवाडी फाट्यावरून बिरवाडी-वरंध-भोरची वाट, पोलादपूरला महाबळेश्वरची. शिवाय बिरवाडी, नडगाव, जिते, आसनपोईच्या परिसरात पसरलेली औद्योगिक वसाहत आहे. तिथला कच्चा माल आणि तयार रसायने यांची ने-आण मुख्यतः रस्त्यानेच होते. त्यामुळे महाड-पोलादपूर तालुक्यांत टँकर आणि ट्रेलर दिसणार, यात नवल नाही. ते घराच्या ओट्याला घासून का जातात, हा खरा प्रश्न आहे.

कारणे साधी आहेत. महामार्गावर कोंडी झाली की ड्रायव्हर आतली वाट धरतो. मोबाइलवरचा नकाशा सहसा मोटारीचा हिशेब करून जवळचा रस्ता दाखवतो, त्या रस्त्यावरची मोरी किती टन पेलते हे त्याला ठाऊक नसते. कारखान्याच्या आवारात उभे राहायला जागा नसली की गाड्या फाटकाबाहेर, गावच्या रस्त्यावर रांग लावतात. ओव्हरलोड गाडीला वजनकाटा आणि तपासणी चुकवायची असते. घराचे किंवा रस्त्याचे काम निघाले की वाळू, खडी, मुरूम घेऊन हायवा येतात. 2021 च्या महापुरानंतर सावित्रीतला गाळ काढायचे काम निघाले, तो गाळही डंपरनेच हलवावा लागतो. आणि एक घाट बंद झाला की त्याचा भार दुसऱ्या वाटेवर येतो. पावसाळ्यात वरंध घाटावर निर्बंध आले की पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना ताम्हिणी किंवा महाबळेश्वरची वाट उरते.

यातले प्रत्येक कारण वेगळे, म्हणून उपायही वेगळा. तक्रार लिहिण्याआधी आपल्या रस्त्यावरचा ट्रक यांपैकी कोणत्या कारणाने येतो, ते शोधावे. पुढचा निम्मा मार्ग तिथेच ठरतो.

धोका मापाने समजून घ्या

मालवाहू गाडीची कायदेशीर रुंदी 2.6 मीटरपर्यंत असू शकते आणि उंची 4 मीटरपर्यंत. आळीतला रस्ता बारा फुटी, म्हणजे साधारण 3.66 मीटर. ट्रक अगदी मधोमध चालला तरी दोन्ही बाजूंना जेमतेम पावणेदोन-पावणेदोन फूट उरतात. त्यातून गाडीचे आरसे बाहेर आलेले असतात. एका बाजूला मोटरसायकल लावलेली असेल, दुसऱ्या बाजूला दुकानाची पायरी पुढे आली असेल, तर शाळेतून येणाऱ्या मुलाने उभे राहायचे कुठे? अशा रस्त्यावर ड्रायव्हर कितीही सावध असला तरी चुकीला जागा नसते.

वळणावर तर मापे आणखी बिघडतात. लांब गाडी कोपऱ्यावर डावीकडे वळते तेव्हा पुढची चाके मोठा वळसा घेतात आणि मागची चाके आतून, कोपरा कापत येतात. वस्तीतला कोणताही जुना कोपरा नीट पाहिला तर हे कळते: गटारावरची लादी मधोमध तडकलेली, घराच्या जोत्याचा कोना छिललेला, भिंतीवर कमरेच्या उंचीला रंगाचा ओरखडा. ट्रकचे तोंड पुढे निघून गेले म्हणून कोपऱ्यात थांबलेला सायकलवाला निर्धास्त होतो, आणि धोका तेव्हाच त्याच्याकडे येत असतो.

तिसरी गोष्ट आंधळ्या जागांची. उंच केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरला बंपरच्या अगदी पुढ्यातले लहान मूल दिसत नाही, डाव्या दाराखालचा दुचाकीस्वार दिसत नाही आणि गाडीच्या थेट मागचे काहीच दिसत नाही. लंडन शहराने याच कारणासाठी 1 मार्च 2021 पासून 12 टनांवरच्या गाड्यांना ‘केबिनमधून थेट किती दिसते’ याची श्रेणी लावली. श्रेणी कमी असलेल्या गाडीला जादा आरसे, कॅमेरे, सेन्सर बसवल्याशिवाय शहरात प्रवेश मिळत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये ही अट आणखी कडक झाली. त्याच शहरात 1985 पासून 18 टनांवरच्या गाड्यांना रात्री आणि शनिवार-रविवारी निवासी रस्त्यांवर निर्बंध आहेत.

चौथी गोष्ट ब्रेकची. रस्ता कोरडा, ब्रेक ठणठणीत आणि ड्रायव्हर एका सेकंदात सावध झाला असे धरले तरी ताशी 40 किलोमीटरने येणारा भरलेला ट्रक थांबायला ढोबळ हिशेबाने 23 मीटर घेतो. 60 च्या वेगाला हेच अंतर 44 मीटरच्या आसपास जाते. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. कोकणातला पाऊस आणि डंपरमधून सांडलेला चिखल यांची भर पडली तर अंतर आणखी लांबते.

हा कागदी हिशेब नाही. पुण्याजवळ वाघोलीत, केसनंद फाट्यावर, डिसेंबर 2024 मध्ये मध्यरात्री एक डंपर फुटपाथवर झोपलेल्या मजूर कुटुंबांवर गेला. दोन चिमुकल्यांसह तिघे दगावले. ड्रायव्हर दारूच्या नशेत होता. त्यानंतर साधारण महिन्याने, जानेवारी 2025 मध्ये, हिंजवडी परिसरात सिमेंट काँक्रीटचा मिक्सर वळणावर उलटला आणि शेजारून दुचाकीवर जाणाऱ्या दोन तरुणी त्याखाली सापडल्या. पहिल्या घटनेत दोष ड्रायव्हरच्या नशेचा होता. दुसरीत जड, उंच गाडी वळत असताना तिच्या शेजारी दुचाकी होती. पण दोन्हीकडे जड गाडी आणि आडोसा नसलेली माणसे एकाच जागी होती. देशभरात 2022 साली रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांत 74,897 दुचाकीवरची आणि 32,825 पायी चालणारी होती.

भार रस्त्यालाही सोसवत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा इथे 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवण्यात आले. एक्सलवरचा भार वाढतो त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याचे नुकसान वाढते, हा ठोकताळा त्या चाचण्यांतून निघाला. एक्सलवर 20 टक्के जादा माल घातला तर रस्ता दुपटीने झिजतो, असा त्याचा अर्थ. सरकारने जुलै 2018 मध्ये ट्रकची मान्य वजनमर्यादाच वाढवली: तीन एक्सलच्या गाडीची 25 टनांवरून 28.5 टनांवर, सर्वांत मोठ्या ट्रेलरची 49 वरून 55 टनांवर. गावातल्या मोऱ्या आणि साकव मात्र तेच राहिले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्यांसह माणसे नदीत गेली, हे महाडकरांना सांगायला नको. तो पूल पुराने गेला, ट्रकच्या भाराने नव्हे. पण जुने बांधकाम किती सोसेल हे वेळच्या वेळी तपासायचे असते, एवढे त्या रात्रीने शिकवले. वस्तीतल्या प्रत्येक मोरीवर भारक्षमतेची पाटी आहे का, हे आजच पाहून यावे.

कायदा कुणाच्या हातात काय देतो

मोटार वाहन अधिनियम, 1988 मधले कलम 115 पाठ करण्यासारखे आहे. सार्वजनिक सुरक्षेसाठी, सोयीसाठी किंवा एखाद्या रस्त्याच्या, पुलाच्या प्रकृतीमुळे ठरावीक प्रकारच्या वाहनांना तो रस्ता बंद करण्याचा किंवा त्यावर अटी घालण्याचा अधिकार या कलमाने मिळतो. महाराष्ट्रात जिल्हाधिकारी घाट बंद करण्याचे आदेश काढतात, तेव्हा याच कलमाचा आणि गृह विभागाच्या 19 मे 1990 च्या अधिसूचनेचा आधार घेतात. वरंध घाटाच्या पावसाळी आदेशांची प्रत मिळवून वाचली तर मसुद्याचा नमुना आयताच हाती येतो.

या कलमातली एक तरतूद फार उपयोगाची आहे. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना छापण्याची गरज नसते, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून पहिल्याच अर्जात कायमची बंदी मागण्यापेक्षा एका महिन्याचा प्रयोग मागावा. अधिकाऱ्याला तो मान्य करणे सोपे जाते, कारखानदारही एका महिन्यासाठी फार ताणत नाहीत, आणि महिनाभरात काय फरक पडला याची आकडेवारी आपल्या हातात येते.

वेगाचे म्हणाल तर केंद्राच्या एप्रिल 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे नगरपालिका हद्दीत मालवाहू गाड्यांची कमाल मर्यादा ताशी 60 किलोमीटर आहे. आळीसाठी ती फारच जास्त. पण हा आकडा कमाल आहे. कलम 112 खाली स्थानिक परिस्थिती पाहून त्याहून कमी मर्यादा लावता येते, आणि तशी पाटी रस्त्यावर उभी करावी लागते. डंपर, टँकर आणि घातक माल वाहणाऱ्या गाड्यांना वेगनियंत्रकाची अट आहे, त्यांचे यंत्र 60 च्या पुढे जाऊ देत नाही. चालू स्थितीत असले तर.

ओव्हरलोडला कलम 194 लागते: 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. ही कारवाई परिवहन विभाग करतो. महाड-पोलादपूरसाठी त्याचे कार्यालय पेणला आहे. वाळू, खडी, मुरुमाची गाडी असेल तर आणखी एक दार उघडे असते, ते तहसील कार्यालयाचे. गौण खनिजाच्या वाहतुकीला परवाना लागतो, आणि तो नसेल तर महसूल खात्याला जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली गाडीवर कारवाई करता येते.

अर्जाआधीचा गृहपाठ

सगळ्यांत आधी रस्ता कुणाचा, ते ठरवा. राष्ट्रीय महामार्ग आणि त्याचा सेवा रस्ता यांचे खाते वेगळे, राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेचे, वसाहतीतले रस्ते औद्योगिक विकास महामंडळाचे, शहरातले नगर परिषदेचे किंवा नगरपंचायतीचे. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की तो ‘पुढील कार्यवाहीसाठी’ महिनोन्‌महिने फिरत राहतो. खात्री नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून तीन गोष्टी लेखी मागवा: रस्त्याची मालकी, मोरी-पुलाची भारक्षमता, आणि सध्या लागू असलेले वाहतूक निर्बंध. उत्तराची मुदत 30 दिवस.

मग मोजणी. ‘रोज शेकडो ट्रक जातात’ या वाक्याला सरकारदरबारी काहीच किंमत नसते. एक कामाचा दिवस, एक बाजाराचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस निवडा. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा. वहीत रकाने आखा: वेळ, दिशा, गाडीचा प्रकार (सहाचाकी, दहाचाकी, बाराचाकी, ट्रेलर, टँकर), भरलेली की रिकामी, कुठून आली आणि कुठे गेली. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळा वेगळ्या खुणेने दाखवा. रात्री दहा ते पहाटे सहाची मोजणी चुकवू नका, कारण आतल्या वाटेची चटक बहुधा रात्रीच लागते. मोजणारे ओट्यावर किंवा गॅलरीत बसावेत. रस्त्यावर उतरून गाडी अडवू नये, ड्रायव्हरशी हुज्जत घालू नये. गाडी अडवण्याचा अधिकार नागरिकाला नाही. एका हाणामारीने सगळ्या आळीची बाजू लंगडी पडते.

नंतर रस्ता मोजा. टेपने, दर पन्नास मीटरला, गटारापासून गटारापर्यंत. सर्वांत अरुंद जागेचा, सर्वांत तीव्र वळणाचा आणि शाळा, दवाखाना, मंदिर, मशीद यांच्या फाटकांचा नकाशा हाताने काढला तरी चालतो. त्यावर अपघाताच्या आणि थोडक्यात वाचल्याच्या जागा खुणा करून दाखवा.

इथे बहुतेक गावे कमी पडतात. किरकोळ धडक झाली की दोघे आपसांत मिटवतात, पोलिसांत नोंद होत नाही. राष्ट्रीय महामार्गावर अपघातप्रवण ठिकाण ठरवण्याचा निकष असा आहे: सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. हा निकष नोंदींवर चालतो. ज्याची नोंद नाही, तो अपघात सरकारच्या लेखी झालेलाच नाही. म्हणून दुखापत झाली असेल तर तक्रार नोंदवायचीच, आणि तिच्यात जागेचा नेमका उल्लेख करायचा: कोणत्या नाक्यावर, कोणत्या दुकानासमोर, कोणत्या दिशेने.

अर्जात काय मागावे

एका पानाचा अर्ज, सोबत मोजणीचा तक्ता, नकाशा आणि वेळ-तारीख दिसतील अशी छायाचित्रे. मागण्या सुट्या-सुट्या लिहाव्यात, म्हणजे एक नाकारली तरी दुसरी मान्य होऊ शकते.

पहिली मागणी वेळेची: शाळेच्या आणि बाजाराच्या वेळेत, तसेच रात्री, जड वाहनांना प्रवेशबंदी. मुंबई-पुण्यात अशा वेळा वर्षानुवर्षे ठरलेल्या आहेत. दुसरी वजनाची: अमुक टनांवरच्या गाडीला हा रस्ता बंद, पण एसटी, अग्निशमन बंब, रुग्णवाहिका, गॅस सिलिंडरची गाडी आणि त्याच आळीत माल उतरवणारी गाडी यांना सूट. सूट आधीच लिहून दिली की विरोधाची अर्धी धार जाते. तिसरी पर्यायी वाटेची: ट्रक कोणत्या रस्त्याने जावेत, हेही सांगावे. तो रस्ता दुसऱ्या वाडीतून जात असेल तर आपली ब्याद शेजाऱ्याच्या दारी ढकलल्यासारखे होईल. तसा अर्ज टिकतही नाही. चौथी पाट्यांची: बंदीची पाटी फाट्यावर हवी, जिथून ट्रकला मागे न येता दुसरी वाट धरता येईल. आळीच्या तोंडाशी लावलेली पाटी वाचून चौदाचाकी गाडी रिव्हर्स घ्यायला लागली तर नवा धोका तयार होतो.

अर्ज रस्त्याच्या मालकाकडे द्यावा आणि प्रती जिल्हाधिकारी, पोलीस निरीक्षक व परिवहन कार्यालय यांना द्याव्यात. प्रत्येक प्रतीवर पोच घ्यावी. जिल्हाधिकारी हे जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष असतात, म्हणून ‘हा विषय समितीच्या पुढील बैठकीत घ्यावा’ हे वाक्य अर्जात असावेच. दाद लागली नाही तर लोकशाही दिन आहे: तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला पहिल्या सोमवारी. एखाद्या गाडीच्या बेदरकारपणाची सुटी तक्रार छायाचित्रासह महाट्रॅफिक अ‍ॅपवर करता येते.

दोन गोष्टी मात्र मागताना विचार करावा. पहिली, घाईघाईने टाकलेला उंच, अरुंद गतिरोधक. भारतीय रोड काँग्रेसच्या जुन्या प्रमाणाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यावर 10 सेंटीमीटर उंच असावा, म्हणजे गाडी साधारण ताशी 25 च्या वेगाने नीट उतरते. हातभर रुंदीचा उंचवटा टाकला तर भरलेला ट्रक त्यावर आदळतो, हादरे शेजारच्या जुन्या घरात जातात, आणि रात्री दुचाकीवाला तिथेच पडतो. दुसरी, रस्त्यावरची लोखंडी उंचीची कमान. ती ट्रक अडवते तशी अग्निशमन बंबही अडवते. कमान लावायचीच असेल तर ती उघडता येईल अशी असावी, आणि किल्ली कुणाकडे हे सगळ्यांना माहीत असावे.

कारखानदाराशी बोलणे

ट्रक ड्रायव्हर हा मालवाहतुकीच्या साखळीतला सर्वांत कमजोर दुवा. त्याला माल भरायची वेळ दुसरा सांगतो, उतरवायची तिसरा, आणि मधल्या चौदा तासांत झोपायला जागा कुणीच देत नाही. ज्याच्या फाटकाशी गाडी जाते त्याच्याशी बोलणे जास्त फळते.

गावाने कारखान्याकडे लेखी मागाव्या अशा गोष्टी: गाड्यांना ठरवून दिलेल्या वेळा, आवारात उभे राहण्याची जागा, ड्रायव्हरसाठी पाणी आणि स्वच्छतागृह, बिल्टीसोबत मान्य रस्त्याचा छापील नकाशा, आणि ट्रान्सपोर्ट कंत्राटात ‘गावातून गाडी नेल्यास फेरी रद्द’ ही अट. शेवटची अट सर्वांत परिणामकारक, कारण ती थेट भाड्याला भिडते. बांधकामाच्या डंपरबाबत हेच घरमालकाला आणि ठेकेदाराला लागू: माल ताडपत्रीने झाकलेला, चाके धुतलेली, आणि गाडी मागे घेताना खाली उतरून हात दाखवणारा क्लीनर. आळीत गाडी रिव्हर्स घेताना क्लीनर खाली नसेल तर माल उतरवूच देऊ नये.

टँकरचा फलक वाचायला शिका

महाड-बिरवाडीच्या रस्त्यावर राहणाऱ्या प्रत्येक घराला हे यायला हवे. घातक रसायन नेणाऱ्या गाडीवर माहितीचा फलक लावणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सक्तीचे आहे. फलकावर रसायनाचे नाव, चार आकडी क्रमांक, आणीबाणीचा फोन आणि चौकोन टोकावर उभा केल्यासारखे एक चित्र असते. 1830 म्हणजे सल्फ्युरिक अ‍ॅसिड, 1789 म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, 1005 म्हणजे अमोनिया, 1017 म्हणजे क्लोरीन. वरचा अर्धा भाग पांढरा, खालचा काळा, आणि हातावर व धातूवर थेंब पडताना दाखवलेले चित्र असेल तर माल जाळणारा, गंजवणारा आहे. फलकावर आकडा आणि रोमन अक्षरांचा एक लहानसा संकेतही असतो, तो अग्निशमन दलासाठी. त्याच्या शेवटी ‘ई’ हे रोमन अक्षर असेल तर परिसर रिकामा करण्याचा विचार करावा, असा त्याचा अर्थ.

टँकर कलंडला तर जवळ जायचे नाही. लांबून फलकाचा फोटो काढायचा आणि 112 वर तो चार आकडी क्रमांक सांगायचा. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला सरकायचे. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो आणि सखल जागी, नदीकाठच्या घरांत साचतो, म्हणून उंच जागी जायचे. सांडलेल्या द्रवात पाय ठेवायचा नाही. माचीस, विडी, गाडीचे इंजिन बंद. आणि सांडलेले इंधन बादलीत भरून घ्यायला धावणाऱ्यांना आपल्या घरच्यांनीच आवरायचे.

बंदी येईपर्यंत घरच्यांनी

अर्जाला वेळ लागेल, मुले मात्र उद्याही शाळेत जाणार. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चालावे. मुलाचा हात धरताना मूल रस्त्याच्या बाजूला नको, घरांच्या बाजूला हवे. ट्रक वळत असेल तर कोपऱ्यात थांबू नये, दोन-तीन घरे मागे सरावे. दुचाकीवरून ट्रकच्या डावीकडून घुसू नये. साधा नियम आहे: आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर ड्रायव्हरलाही तुम्ही दिसत नाही. गाड्या रस्त्याच्या एकाच बाजूला लावण्याचे आळीने ठरवले तरी दोन फूट जागा फुकट मिळते. दुकानाची पुढे आलेली पायरी आणि फुटकी गटारझाकणे यांचीही मोजणी त्याच वहीत व्हावी. ते दोष ट्रकवाल्याचे नाहीत, आपलेच आहेत.

अपघात झालाच तर 108 आणि 112, महामार्गावर 1033. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 134-अ ने त्याला संरक्षण दिले आहे. धडक देऊन गाडी पळाली आणि सापडली नाही, तरी मृताच्या वारसांना 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार रुपये भरपाई मिळते. त्यासाठीचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो. गाडी सापडली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत जावे.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. पुढची जी असेल तिच्या आधी तीन दिवसांची मोजणी पूर्ण करा, ‘जड वाहनांना एक महिना प्रायोगिक बंदी’ हा विषय लेखी देऊन कार्यसूचीवर घ्या आणि ठरावाची प्रत त्याच आठवड्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचवा. महाड-पोलादपूरच्या शहर हद्दीत राहणाऱ्यांनी हेच काम आपल्या नगरसेवकाकडून सर्वसाधारण सभेत करून घ्यावे.